फक्त डावी वळणं घेत मैंदर्गीला

सोलापूरहून मैंदर्गीला एसटी जाते आणि तिच्यात बसलेला माणूस दोन डुलक्यांत पोचतो. मला पोचायला नऊ महिने आणि वर सहा तास लागले. आमच्या सायकल ग्रुपमधली मंडळी एवढं अंतर सकाळी कापून परत येऊन कामाला जातात, त्यांनी हे वाचू नये. रस्ता ओलांडायला जे भितात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

नऊ महिन्यांचा हिशेब आधी उरकते. मी बावन्न वर्षांची. गेल्या एप्रिलमध्ये माझा उजवा खांदा आखडला. पडले नाही, झडले नाही, जड काही उचललं नाही. एक दिवस वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले आणि हात अर्ध्यावरच थांबला. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर असं नाव सांगितलं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये माझ्या अंगात काहीतरी गोठलं, यावर आमच्या घरात महिनाभर विनोद झाले.

पुढे विनोद संपले. वेणी घालता येईना, तेव्हा ते काम अरविंदकडे गेलं. माझा नवरा पंचवीस वर्षं चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तो वेणीसुद्धा मागावरचा ताणा तपासल्यासारखी ओढून घाली. माझ्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत आणि ऑफिसातल्यांना वाटे, मला सारखं कशाचं तरी नवल वाटतंय. शेजारच्या शाहीननं मी न सांगताच माझ्या सगळ्या ब्लाउजांचे हूक मागचे पुढे आणून दिले. शाहीन आमच्यापासून दोन घरांवर राहते, शिवणकाम करते, माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे. पाच वर्षांपूर्वी तिनं आणि मी एकाच आठवड्यात सायकली घेतल्या आणि तेव्हापासून पहाटे तळ्याला फेऱ्या मारतो.

डिसेंबरात व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या की हात सुटला. टेबलावर आडवं झोपवून त्यांनी तो जवळजवळ कानापर्यंत नेऊन दाखवला. खरंच गेला. पण सायकलवर बसले की तोच हात हँडलला चिकटायचा. उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर काढून दाखवावा लागतो आणि तो काही केल्या सुटत नसे. जुलैमध्ये एकदा चौकात काढला होता. अर्धा गेला, खांद्यात कळ आली, सायकल डुलली आणि मागून आलेल्या रिक्षाचा आरसा माझ्या कोपराला चाटून गेला. झालं काहीच नाही, रिक्षावाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून मी फक्त डावीकडे वळते.

ऐकायला हे वाटतं तितकं अवघड नाही. तीन डावी वळणं घेतली की एक उजवं होतं. पाच मिनिटांवरच्या मंडईला मी पंचवीस मिनिटांत जायची. एका किराणावाल्यानं मला त्याच्या दुकानासमोरून तिसऱ्यांदा जाताना पाहून विचारलं, बाई, काही हरवलंय का.

जानेवारीत शाहीननं विषय काढला. मैंदर्गी तिचं माहेर. मागल्या वर्षी मी तिच्याबरोबर सायकलवर जायचं ठरलं होतं, ते खांद्यानं बुडवलं. आता अम्मी विचारतेय, म्हणाली. मी हो म्हटलं आणि त्याच तोंडानं घरात एक अट जाहीर केली. जाऊन स्वतःच्या पायांनी परत आले तर सायकल राहील. टेम्पोत घालून आणावी लागली, तर मोहोळच्या माझ्या भाचीला, पल्लवीला, देऊन टाकायची. पल्लवीला रविवारी ये म्हणून सांगूनही ठेवलं. अट अरविंदनं घातली नव्हती, मीच घातली. खरं सांगायचं तर ती सायकल जावी असंच निम्म्या मनानं मला वाटत होतं. घरात नसली तर भीतीही नसेल.

शुक्रवार पेठ ते अक्कलकोट

शुक्रवारी सकाळी उजाडताना निघालो. मी चार दिवस खपून असा नकाशा काढला होता की घरापासून मैंदर्गीच्या शिवारापर्यंत एकही उजवं वळण नव्हतं. त्यापायी गावातच तीन किलोमीटर वाढले. शाहीन मागून येत होती. आमचं ठरलं होतं की ती माझ्या मागे, जरा उजवीकडे राहील आणि कधी उजवीकडे वळायची वेळ आलीच, तर हात ती दाखवील. माझा उजवा हात म्हणजे वीस फुटांवरून येणारी शाहीन.

कुंभारीच्या पुढे रान मोकळं झालं. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसावर आलेली, मधेच तुरीचे वाळलेले पट्टे आणि वारा समोरून. एरवी मी इथे थांबून फोटो काढले असते. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष आरशात. मी दोन आरसे लावले होते, एक हँडलला, एक हेल्मेटला. दोन्हींत मिळून मला एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे उसाचे ट्रॅक्टर. हंगाम ऐन भरात होता. एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, वर गाणी लावलेली. गाणं आधी ऐकू येई, मग आरशात हिरवा डोंगर दिसे आणि मग तो डोंगर बाजूनं जाई तोवर मी श्वास घेत नसे. एका उसाचं पान माझ्या दंडाला घासून गेलं. मी थेट उतरून कडेच्या गवतात उभी राहिले. शाहीननं जवळ येऊन पाणी दिलं.

"डरो नक्को, ताई," ती म्हणाली. "ऊस आहे, वाघ नाही."

मी म्हटलं, वाघाला दोन ट्रॉल्या नसतात.

वळसंगला धपाटे आणि दही खाल्लं. धपाटा मोडायला दोन हात लागतात हे मला नऊ महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसले असते. त्या दिवशी तो दोन हातांनी मोडला आणि हॉटेलवाल्या बाईंना दाखवावा असं वाटलं. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत होत्या.

अक्कलकोटात पाट्या दोन लिप्यांत दिसायला लागतात आणि माणसं मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवतात. तिथून पुढे रस्ता अरुंद झाला, ट्रॅक्टर कमी झाले आणि मी थोडी सैल झाले. तीच चूक.

उजवीकडची कच्ची वाट

शाहीनची अम्मी गावात नाही, गावाच्या अलीकडे शेतातल्या वस्तीवर राहते. तिथे जायला उजव्या हाताला कच्ची वाट आहे. सगळ्या प्रवासातलं हे एकच उजवं वळण, माझ्या नकाशाच्या शेवटच्या टोकाला. त्याचं मला भय नव्हतं, कारण त्यासाठी शाहीन होती. चाळीसपन्नास किलोमीटर ती मागे आहे हे मी इतकं गृहीत धरलं होतं, की वाट दिसताच "वळतेय गं" असं म्हटलं आणि आरशात न पाहताच वळले.

शाहीन मागे नव्हती. माहेर जवळ आलं की बाईचा पाय थांबतो, हे मला कळायला हवं होतं. मागच्या वळणावर कुठल्यातरी ओळखीच्या बाईनं हाक मारली आणि ती थांबली होती. मला ओरडून सांगितलंही म्हणे, पण वारा समोरून.

मागून मोटरसायकल येत होती. तिच्यावर पटका बांधलेले एक म्हातारे, मागे त्यांची बायको आणि तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं करडू. म्हाताऱ्यांनी ब्रेक दाबला, गाडी वळवली आणि ती रस्ता सोडून नांगरलेल्या रानात गेली. तिथे ती हळूच, अगदी बसल्यासारखी, आडवी झाली. बाई काळ्या मातीत मांडी घालूनच बसल्या आणि करडू त्यांनी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं होतं. समोरून कुणी येत नव्हतं. तेवढ्यामुळे हे लिहायला मी आहे.

 सायकल तिथेच टाकून धावले. म्हाताऱ्यांचं कोपर सोललं होतं, बाकी काही नव्हतं. बाईंनी उठून करडू माझ्या हातात दिलं आणि लुगडं झटकायला लागल्या. करडू थरथरत होतं, मीही थरथरत होते. आम्हा दोघांत जास्त कोण, ते सांगता आलं नसतं. सहा महिने मी भ्याले ती फक्त माझ्यासाठी. मी कुणाला पाडीन, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

म्हाताऱ्यांनी गाडी उभी केली, चाक फिरवून पाहिलं आणि मग माझ्याकडे आले. रागावलेले दिसत नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"हात दावायचा की, बाई."

मी सांगितलं की माझा हात वर होत नाही, खांदा धरलाय.

त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं. "मग उतरायचं की. उतरून ढकलत न्यायची पल्याड. त्याला काय लागतंय?"

"पाय तर हायती," मागून बाई म्हणाल्या.

सहा महिने मी डावीकडे वळत गावाला प्रदक्षिणा घातल्या. नकाशे काढले, दोन आरसे लावले, मागे एक बाई नेमली. उतरायचं मात्र एकदाही सुचलं नाही. सायकल चालवणाऱ्यांचा हा माजच असतो. चढावर जीव गेला तरी चालेल, पण लोकांसमोर उतरून ढकलायची नाही. माझा हात आखडला होता, पण माज शाबूत होता.

तेवढ्यात शाहीन पोचली आणि रडायलाच लागली. मग त्या बाईंना दोघींची समजूत काढावी लागली. त्यांनी करडू परत घेतलं, माझा खांदा दोन बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "हेदरब्याड." भिऊ नको, शाहीननं नाक पुसत अर्थ सांगितला. मग दोघं निघून गेले. मी सायकल ढकलतच कच्च्या वाटेला लागले. वस्तीपर्यंत बसलेच नाही.

वस्तीवर

अम्मी सत्तरीच्या. त्यांनी आम्हाला हात धुवायला लावलं आणि हुरड्याच्या आगटीपाशी नेलं. गोवऱ्यांत भाजलेली कणसं त्या हातावर चोळून थेट पुढ्यात टाकत होत्या. बरोबर शेंगांची चटणी, गूळ, घट्ट दही. आमच्या घरी पाहुण्याला आग्रह करायचा, त्यानं नको म्हणायचं, पुन्हा वाढायचं, असा खेळ चालतो. इथे अम्मी विचारतच नव्हत्या. पुढ्यातलं संपलं की नवं येई आणि नको म्हणायला मधे जागाच नसे. कोवळा हुरडा इतका गोड होता की काही वेळ मी ते नांगरलेलं रान विसरले.

दुपारी सगळे एका मोठ्या थाळ्याभोवती बसलो. त्यांच्याकडे सगळ्यांचं जेवण एका थाळ्यातच असतं. मला हात लांब करावा लागत होता आणि मी आपली जवळच्या कडेचंच उचलत होते. अम्मींच्या ते ध्यानात आलं. हात असा पोटाला चिकटवून का बसलीस, असं त्यांनी विचारलं आणि थाळा फिरवून रस्सा माझ्यासमोर आणला. नंतर दर दोन घासांनी थाळा फिरत राहिला आणि शाहीनचा भाऊ त्याच्यापुढून गेलेल्या बटाट्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी मी सहज नकाशा उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तो फक्त जायचा काढला होता. परत येताना त्यातलं प्रत्येक डावं वळण उजवं होत होतं. चार दिवस खपून मी स्वतःसाठी उजव्या वळणांची माळ ओवून ठेवली होती. अरविंदला फोन केला. त्यानं एवढंच विचारलं, टेम्पोचा नंबर देऊन ठेवू का.

त्यात भर म्हणून शाहीन येऊन बसली ती उतरलेला चेहरा घेऊन. सोमवारी अम्मींचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, ते भावानं आत्ता सांगितलं. तिला राहावं लागणार होतं. म्हणजे परत मी एकटी, मागे कुणी नाही. ती म्हणाली, भावाची पिकअप आहे, सकाळी तो सोडेल, सायकल मागे टाकू. पिकअप टेम्पोत मोडते का, असं मी विचारलं. 

अम्मी लसूण सोलत ऐकत होत्या. "डर लगरा तो डरते डरते जा," त्या म्हणाल्या. "मैं ये घर कू रोते रोते आई थी. पोंची कि नै?"

सकाळी मी पिकअपनंच जायचं ठरवलं होतं. हे कबूल करायला हवं. सायकल मागे चढवली, दोरीनं बांधली, मी पुढे बसलेही. पण किल्ली सापडेना. भावानं खिसे पाहिले, कोनाडे पाहिले, अम्मींनी गादी झटकली. पंधरा मिनिटं मी त्या बंद गाडीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते आणि समोरच्या काचेतून कच्ची वाट दिसत होती. वाटेवर काल मी ढकललेल्या चाकाची रेघ होती, सरळ. बसून बसून मला इतकी लाज वाटायला लागली, की मी उतरले आणि दोरी सोडायला लागले. किल्ली वेळेवर सापडली असती तर सायकल आज मोहोळला असती. यात शौर्य शोधू नये.

परत

अक्कलकोटातलं पहिलं उजवं वळण आलं तेव्हा मी डावीकडे थांबले, उतरले, दोन्ही बाजूंना तीनदा पाहिलं आणि सायकल ढकलत पलीकडे गेले. कुणी हसलं नाही. एका जीपवाल्यानं थांबून वाट दिली, कारण ढकलत नेणारी बाई म्हणजे त्याच्या लेखी भाजीवाली किंवा पंक्चरवाली असणार. असं चार वेळा केलं. प्रत्येक वेळी घाबरत घाबरत पलीकडे पोचत होते. ट्रॅक्टरांचं भय तसंच होतं. गाणं ऐकू आलं की मी उतरून गवतात उभी राहत होते. वळसंगला अरविंदला फोन केला, तर तो सकाळपासून अंगणात चप्पल घालून बसला होता.

दुपारी सोलापुरात शिरले. पाय गळाले होते, ऊन चढलं होतं. घराच्या अलीकडच्या मोठ्या चौकात मला उजवीकडे वळायचं होतं. नेहमीसारखं डावीकडे जाऊन उतरायचं मनात होतं, पण सिग्नल सुटला आणि डाव्या बाजूनं दुचाकींचा लोंढा आला. मी मधोमध अडकले. मागे बस. उतरले असते तर तिथेच चेंगरले असते. थांबले असते तर बसनं थांबू दिलं नसतं.

हात मी काढला म्हणता येणार नाही. आधी बोटं सुटली, मग मनगट. कोपर कमरेपासून लांब गेलं. मी डोळे मिटले नाहीत, पण काही पाहिलंही नाही. कळ यायची म्हणून वाट बघत होते. ती आली, पण जुलैतली नव्हती. जुन्या बिजागरीला ओढावं तशी, जड, बोथट. हात जवळजवळ खांद्याच्या उंचीला गेला. मागे बसनं फुस्स करून ब्रेक लावला. माझ्यासाठी. मी वळले.

आणि हात खाली येईना. व्यायामाच्या मॅडमनी सांगितलं होतं की वर नेण्यापेक्षा खाली आणताना जास्त जपा. मला ते नेमकं तेव्हा आठवलं आणि मी इतकी घाबरले की एका हातानं हँडल धरून, दुसरा तसाच बाहेर काढून, सरळ रस्त्यानं चालले. मला सरळच जायचं होतं. पण हात उजवीकडे वळणार म्हणून सांगत होता. मागचा रिक्षावाला थांबला. समोरून येणारे दोघे स्कूटरवाले थांबले. एका हातगाडीवाल्यानं गाडी मागे घेतली. उजवीकडे एक अरुंद बोळ होता आणि सगळे माझी वाट बघत होते.

"जावा की बाई," रिक्षावाला म्हणाला, "थांबलोय की आमी."

एवढी माणसं थांबली होती, त्यांना नाही कसं म्हणायचं. मी बोळात वळले. शुक्रवार पेठेत तीस वर्षं राहून त्या बोळात मी कधी गेले नव्हते. वीस पावलांवर तो संपला, समोर निळ्या दाराचं घर, उंबऱ्यावर एक बाई तांदूळ निवडत बसलेल्या. मी ब्रेक लावला, उतरले आणि मग हात आपोआप खाली आला.

त्यांनी विचारलं, कुणाकडे आलात.

"कुणाकडे नाही," मी म्हटलं. "नुसती वळले."

त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नसावं. पाणी आणते म्हणून त्या आत गेल्या. मी सायकल भिंतीला लावली, उंबऱ्याच्या कडेला टेकले आणि पल्लवीला फोन लावला. रविवारी ये म्हटलं, हुरडा आणलाय. पण येताना एसटीनं ये आणि जातानाही एसटीनंच जा.